ऐनवेळीं बदललेलें विमान



प्रवासाच्या दिवशींच बेत फिरविणें ही गोष्ट आपणांपैकीं कोणालाही अपरिचित नाहीं. बोरीबंदरावर गाडी चुकली म्हणून पुढच्या गाडीनें गेलेला, अथवा उंबरठ्याबाहेर पाऊल टाकतांना कोणी शिंकलें म्हणून वळकटी पुन्हां सोडून बसलेला एखादा आप्त प्रत्येक घराच्या आठवणींत असतोच. विमानाच्या बाबतींत तर आतां हें काम घरबसल्या होतें. कांहीं रुपये अधिक भरले कीं सकाळच्या विमानाऐवजीं संध्याकाळचें विमान आपलें होतें, आणि आपण सोडलेल्या जागेवर कोण बसला याची चौकशी करण्याचें आपणांस कारण पडत नाहीं. इतिहासाला मात्र कधीं कधीं ती चौकशी करावी लागते. अशा दोन प्रसंगांविषयीं मी आज बोलणार आहें. पहिला मी थोडक्यांत सांगेन. दुसऱ्यावर अधिक वेळ थांबेन, कारण त्यांतील कांहीं माणसें आपल्या फार जवळचीं होतीं.

१९४३ सालच्या १ जूनची सकाळ. महायुद्ध ऐन भरांत होतें, आणि तटस्थ पोर्तुगालची राजधानी लिस्बन ही युरोपांतून बाहेर पडूं पाहणाऱ्या हरतऱ्हेच्या माणसांनीं गजबजून गेली होती. तेथून इंग्लंडला एक विमान नियमानें जात असे. विमान हॉलंडच्या कंपनीचें, वैमानिक डच, आणि कारभार ब्रिटिश कंपनीचा, अशी ती व्यवस्था होती. जागा थोड्या आणि जाणारे पुष्कळ. म्हणून कोणाचा हक्क आधीं, कोणाचा मागून, हें सरकारी अग्रक्रमावर ठरत असे. त्या सकाळीं लेस्ली हॉवर्ड हा प्रसिद्ध नट आणि त्याचा व्यवस्थापक आल्फ्रेड चेनॉल्स यांना त्या विमानानें जावयाचें होतें. 'पिग्मॅलियन' आणि 'गॉन विथ् द विंड' या चित्रपटांमुळें हॉवर्डचा चेहरा आपल्याकडील शहरी प्रेक्षकांच्याही ओळखीचा झालेला होता. या दोघांना जागा देण्यासाठीं सात वर्षांचा एक मुलगा आणि त्याची दाई यांना उतरविण्यांत आलें. एक कॅथॉलिक पाद्री तर विमानांत बसलेला असतां तातडीचा निरोप आला म्हणून खालीं उतरला. विमान निघालें, आणि बिस्केच्या उपसागरावर जर्मन लढाऊ विमानांनीं त्याला गांठून पाडलें. आंतील १७ ही माणसें मेलीं.

पुढें असें बोललें जाऊं लागलें कीं, चेनॉल्स हा अंगानें स्थूल, तोंडांत चिरूट, म्हणून जर्मन हेरांना तो चर्चिल वाटला असावा. चर्चिल त्या दिवसांत उत्तर आफ्रिकेंत होते आणि विमानानें परत जाणार होते. स्वतः चर्चिलनींही आपल्या आठवणींत ही समजूत नोंदविली आहे. मला ती फारशी पटत नाहीं. इंग्लंडचा पंतप्रधान भरदिवसा, सोबत एकही लढाऊ विमान न घेतां, सामान्य उतारूंबरोबर जाईल असें मानणारा हेर फारच भोळा म्हणावा लागेल. त्याच विमानावर पूर्वी दोनदां हल्ला झालेला होता, तेव्हां तर कोणी चर्चिल नव्हता. पण तो वाद येथें राहूं द्या. येथें लक्षांत घ्यावयाचें तें एवढेंच कीं, लिस्बनच्या विमानतळावर जीं माणसें वर चढलीं आणि जीं खालीं उतरलीं, त्यांतल्या कोणालाही आपण काय घेतलें व काय सोडलें याची कल्पना नव्हती. हॉवर्डनें मुलाची जागा घेतली ती प्रतिष्ठेच्या जोरावर, आणि ती प्रतिष्ठाच त्याला भोंवली. अशा प्रसंगाला आपण दैव म्हणतों आणि पुढें जातों.

दुसऱ्या प्रसंगाला दैव म्हणून पुढें जातां येत नाहीं.

१९५५ च्या एप्रिलमध्यें इंडोनेशियांतील बांडुंग येथें आशिया व आफ्रिका या खंडांतील राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. भारत, ब्रह्मदेश, सिलोन, पाकिस्तान आणि इंडोनेशिया हे तिचे निमंत्रक; २९ देश येणार होते. साम्राज्यांच्या जोखडांतून नुकतीं सुटलेलीं राष्ट्रें पाश्चात्यांना मध्यस्थ न ठेवतां एकत्र बसणार, ही त्या काळीं केवढी अपूर्वाईची गोष्ट वाटत होती हें आज सांगूनही पटणार नाहीं. नव्या चीनचे पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री चौ एन-लाय हे या परिषदेला येणार होते. चीनमध्यें साम्यवादी सत्ता येऊन जेमतेम साडेपांच वर्षें झालीं होतीं. हरलेला चँग कै-शेक तैवान बेटावर जाऊन बसला होता, आणि त्याचे हेर हाँगकाँगमध्यें उघडपणें नसले तरी मोठ्या संख्येनें वावरत होते. हाँगकाँग इंग्रजांचें, तेथें दोन्ही चीनच्या माणसांना आश्रय होता आणि दोन्ही चीनच्या वैराला मोकळें रान होतें.

चिनी शिष्टमंडळाला समुद्रावरून इतक्या दूर नेण्यासाठीं विमान हवें होतें, तें पेकिंग सरकारनें एअर इंडियाकडून भाड्यानें घेतलें. त्या विमानाचें नांव 'काश्मीर प्रिन्सेस'. एअर इंडियाच्या कॉन्स्टेलेशन जातीच्या चार इंजिनांच्या विमानांना अशीं राजकन्यांचीं नांवें देण्याची प्रथा होती. १९४८ च्या ८ जूनला मुंबईहून लंडनला गेलेलें पहिलें विमान 'मलबार प्रिन्सेस' हें त्यांच्यांतीलच. 'काश्मीर प्रिन्सेस' मुंबईहून हाँगकाँगला आलें. त्याचे कप्तान दामोदर काशिनाथ जठार, सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक, विमानावरील इंजिनियर डि'कुन्हा, देखभालीचे इंजिनियर अनंत कर्णिक, उतारूंची व्यवस्था पाहणारे डि'सूझा आणि पिमेंटा, आणि परिचारिका ग्लोरिया बेरी. हीं आठ नांवें मी मुद्दाम सांगितलीं. जठार आणि कर्णिक हीं आडनांवें ऐकतांच पुण्यामुंबईच्या कोणत्याही चाळींतील दारावरची पाटी डोळ्यांपुढें येते. डि'सूझा आणि पिमेंटा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर घरोघर आढळतात. बांडुंगच्या परिषदेशीं, चौ एन-लाय यांच्याशीं किंवा चँग कै-शेकशीं या आठांचें कांहीं देणेंघेणें नव्हतें. कामाच्या पाळीप्रमाणें त्यांना तें विमान मिळालें होतें.

११ एप्रिलला हाँगकाँगच्या काय टाक विमानतळावर अकरा उतारू त्यांत बसले. आठ चिनी, एक व्हिएतनामी, एक पोलिश आणि एक ऑस्ट्रियन. त्यांतील बरेचसे वृत्तपत्रकार होते. ऑस्ट्रियन गृहस्थ फ्रिट्झ जेन्सेन हे मूळचे डॉक्टर. स्पेनच्या यादवी युद्धांत आणि नंतर चीनच्या रणांगणावर त्यांनीं जखमींची सेवा केली होती. ह्वांग त्सो-मेइ हे चिनी वृत्तसंस्थेच्या हाँगकाँग शाखेचे प्रमुख. जपानी कब्जाच्या काळांत दोस्तांच्या लोकांना सोडविण्यास साह्य केल्याबद्दल ब्रिटिश सरकारनेंच त्यांना किताब देऊन गौरविलें होतें. चौ एन-लाय मात्र त्यांत नव्हते.

विमान ग्रीनिचच्या वेळेप्रमाणें ४ वाजून २५ मिनिटांनीं, म्हणजे आपल्या घड्याळांत सकाळीं ९ वाजून ५५ मिनिटांनीं निघालें. पांच तास सर्व कांहीं सुरळीत होतें. विमान १८,००० फूट उंचीवर होतें, खालीं दक्षिण चिनी समुद्र, आणि जाकार्ता तासाभराच्या अंतरावर आलें होतें. इतक्यांत खालच्या बाजूनें स्फोटाचा आवाज झाला. उजव्या पंखाला, तिसऱ्या इंजिनाच्या मागें आग लागली. सामानाच्या कप्प्यांतील आगीचा इशारा देणारा दिवा पेटला आणि धूर आंत शिरूं लागला. जठारांनीं तिसरें इंजिन बंद केलें. नातुना बेटांजवळचें आपलें ठिकाण सांगणारे तीन बिनतारी संदेश गेले आणि यंत्र मुकें झालें. विजेचे मार्ग एकेक करून निकामी होत होते. धुरामुळें वैमानिकांना समोरचीं यंत्रें दिसेनाशीं झालीं. तशा स्थितींत ग्लोरिया बेरी उतारूंना तरंगण्याचीं जाकिटें देत फिरत होती. पाण्यांत पडल्यावर दारें अडकूं नयेत म्हणून तीं आधींच उघडण्यांत आलीं. जठार विमान समुद्रावर अलगद टेकविण्याच्या प्रयत्नांत होते. उजवा पंख आधीं पाण्याला लागला आणि विमानाचे तीन तुकडे झाले.

दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे वांचले. कित्येक तास पोहून ते एका बेटाला लागले. उरलेले सोळा गेले: अकराही उतारू, आणि जठार, डि'कुन्हा, डि'सूझा, पिमेंटा व बेरी.

समुद्राच्या तळाशीं सांपडलेल्या अवशेषांवरून इंडोनेशियांत चौकशी झाली. मोडलेल्या पत्र्यांत घड्याळाच्या यंत्राचे वाकलेले भाग मिळाले, आणि २६ मे १९५५ रोजीं जाहीर करण्यांत आलें कीं, विमानाच्या उजव्या चाकाच्या पोकळींत ठराविक वेळीं फुटणारा बाँब ठेवलेला होता. तो हाँगकाँगच्या मुक्कामांत ठेवला गेला असला पाहिजे हें उघड होतें. तेथें विमान जेमतेम तास सव्वातास उभें होतें. पोलिसांनीं त्या विमानाशीं संबंध आलेल्या ७१ माणसांची तपासणी केली, माहिती देणाऱ्यास १ लाख हाँगकाँग डॉलरचें बक्षीस लावलें, आणि संशय एका सफाई कामगारावर येऊन ठेपला. चौ त्झे-मिंग त्याचें नांव. विमानांची देखभाल करणाऱ्या कंपनींत तो नोकरीला होता, म्हणजे विमानाखालीं जाण्याचा त्याला नेहमींचाच परवाना होता. पोलिसांच्या निष्कर्षाप्रमाणें चँगच्या हेरखात्यानें त्याला ६ लाख हाँगकाँग डॉलर कबूल केले होते. पण चौकशीचा निकाल लागण्यापूर्वी आठ दिवस, १८ मे रोजीं, तो एका विमानांत लपून तैवानला निसटला. ज्या कंपनीचें तें विमान होतें तिच्यामागें अमेरिकन हेरखात्याचा पैसा होता. तैवाननें त्याला परत दिलें नाहीं. त्याच्यावर खटला असा चाललाच नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. चौ एन-लाय त्या विमानांत कां नव्हते?

त्या वेळीं जगाला सांगण्यांत आलें तें असें कीं, पंतप्रधानांची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्यामुळें त्यांचें निघणें लांबलें. चिनी बाजूचा दुसरा खुलासा असा कीं, ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनीं त्यांना रंगूनला बोलाविलें, तेथें पंडित नेहरूंशींही भेट व्हावयाची होती, म्हणून हाँगकाँगचा मार्ग सोडून ते दक्षिण चीनमधील कुनमिंगहून जावयाचें ठरलें. हें खरें आहे कीं, १४ एप्रिलला, म्हणजे अपघातानंतर तीनच दिवसांनीं, ते कुनमिंगहून रंगूनला पोंचले आणि नेहरू व ऊ नू यांना भेटले. परंतु हेंही तितकेंच खरें आहे कीं, कटाची कुणकुण पेकिंगला आधींच लागलेली होती. १० एप्रिलला चिनी परराष्ट्रखात्यानें पेकिंगमधील ब्रिटिश वकिलातीला इशारा दिला. तो कशाचा, यावर दोन्ही बाजूंचें एकमत नाहीं. इंग्रज म्हणाले कीं, आम्हांला वाटलें विमानतळावर कांहीं दंगा होईल. विमानाला धोका आहे असें कोणीं सांगितलेंच नाहीं. चिनी म्हणाले कीं, आम्हीं स्पष्ट सांगितलें होतें आणि तुम्हीं कानाआड केलें. १९९४ सालीं स्टीव्ह त्सांग या इतिहासकारांनीं ब्रिटिश, तैवानी आणि अन्य कागदपत्रें तपासून असा निष्कर्ष काढला कीं, चौंना कट कळला होता, त्यांनीं आपला मार्ग गुपचूप बदलला, आणि विमान मात्र जाऊं दिलें.

हा निष्कर्ष फार कठोर आहे, आणि तो स्वीकारतांना मला थोडें थांबावेंसें वाटतें. हेरांकडून येणारी बातमी ही कधींच पुरी नसते. कोठें, केव्हां, कोणत्या रीतीनें, हें तींत नसतें. आणि अशा प्रत्येक अर्धवट बातमीवर प्रवास रद्द करावयाचा तर त्या काळच्या चिनी पुढाऱ्यास घराबाहेर पडतांच आलें नसतें. शिवाय इशारा मुळींच दिला नाहीं असें नाहीं. तो दिला, पण परक्या सरकारला, मुत्सद्द्यांच्या भाषेंत, आणि उड्डाणाच्या आदल्या दिवशीं. हें सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. धोका खरा वाटला म्हणूनच इशारा दिला गेला. पंतप्रधानांपुरता तो टळला होता. विमान मात्र ठरल्या वेळीं उडालें, आणि आदल्या दिवशीं तें थांबविणें हें भाड्यानें घेणाऱ्याच्या एका तारेचें काम होतें. चिनी वृत्तांताप्रमाणें पेकिंगचा निरोप हाँगकाँगच्या वृत्तसंस्थेच्या शाखेपर्यंतही गेला होता. त्या शाखेचे प्रमुख ह्वांग दुसऱ्या दिवशीं विमानांत होते. त्यांनीं ठरलेली जागा सोडली नाहीं.

आणि जठार? वैमानिकाला विमान बदलतां येत नाहीं. उतारूला तब्येत असते, निमंत्रण असतें, दुसरा मार्ग असतो. कप्तानाला निघण्याची वेळ असते. लिस्बनच्या मुलाला खालीं उतरविलें तेव्हां तेथील डच वैमानिक आपल्या जागीं होते. चौ एन-लाय कुनमिंगला होते तेव्हां जठार आपल्या जागीं होते. विमानाच्या यादींतील उतारूंचीं नांवें शेवटच्या घटकेपर्यंत खोडलीं जातात आणि भरलीं जातात, पण वरचीं आठ नांवें तशींच राहतात, हें मला ती हकीकत पुन्हां पुन्हां वाचतांना जाणवत गेलें.

या प्रकरणाच्या तपासासाठीं भारत सरकारनेंही आपला एक माणूस हाँगकाँगला पाठविला होता. तो म्हणजे गुप्तवार्ता विभागांतील रामेश्वर नाथ काव, जे पुढें १९६८ सालीं स्थापन झालेल्या परदेशविषयक हेरखात्याचे पहिले प्रमुख झाले. विमान भारताचें, कप्तान भारताचा, उतारू चीनचे, विमानतळ इंग्रजांचा, अपघात इंडोनेशियाच्या समुद्रांत आणि आरोपी तैवानांत. अशा या पंचरंगी गुंत्यांत तरुण काव यांना इंग्रज आणि चिनी या दोघांशींही सांभाळून बोलावें लागलें. पेकिंगला जाऊन ते स्वतः चौंना भेटले. त्या भेटीत सौजन्याला उणें पडलें नाहीं असें म्हणतात, आणि चौंची ख्याति पाहतां तें खरेंच असेल. सोळा वर्षांनंतर, १९७१ मध्यें, अमेरिकेचे किसिंजर पेकिंगला गेले तेव्हां चौंनीं या विमानाचा विषय पुन्हां काढला. अमेरिकन हेरखात्याचा हात होता हा त्यांचा संशय गेलेला नव्हता. किसिंजरनीं त्यावर विनोदानेंच उत्तर देऊन तें बोलणें टाळलें.

परिषद ठरल्याप्रमाणें १८ एप्रिलला सुरू झाली आणि २४ एप्रिलला संपली. चौ एन-लाय यांचा तेथें फार प्रभाव पडला. ज्या राष्ट्रांना साम्यवादी चीनची धास्ती होती त्यांच्यापुढें ते मवाळपणें, समजुतीनें बोलले; आशियाच्या राजकारणांत चीनचें पाऊल पडलें तें त्या आठवड्यांत. ते ११ एप्रिलच्या विमानांत असते तर हें झालें नसतें, असें त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल, आणि तें खोटें नाहीं. कोणत्याही सरकारच्या दृष्टीनें तो हिशेब चुकलेला नाहीं.

पेकिंगच्या पश्चिमेस बाबाओशान येथें त्या अकरा उतारूंचें स्मारक आहे. जठार, बेरी, दीक्षित, पाठक आणि कर्णिक यांना भारत सरकारनें अशोकचक्र मालिकेंतील शौर्यपदकें दिलीं. त्यापूर्वी तो मान नागरिकांस मिळालेला नव्हता. जठार आणि बेरी यांचीं पदकें अर्थातच मरणोत्तर होतीं. अनंत कर्णिकांनीं पुढें या प्रसंगावर इंग्रजींत एक पुस्तक लिहिलें, आणि त्याला त्यांनीं विमानाचेंच नांव दिलें.